बँकेच्या लिलावातले घर : पाहावे कसे आणि बोली कुठे थांबवावी

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात घर घेणारी बहुतेक कुटुंबे एजंटाच्या ओळखीने किंवा नातलगांच्या सांगण्यावरून व्यवहार करतात आणि किंमत समोरासमोर बसून, चहा घेत, घासाघीस करून ठरते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली बँकेची ई-लिलाव विक्री नोटीस हा त्याहून अगदी निराळा व्यवहार आहे. तेथे घराचा मालक विक्रेता म्हणून समोर बसलेला नसतो, घासाघीस चालत नाही आणि घर पाहण्यासाठी कित्येकदा एकच दिवस, तोही दुपारचे दोन-तीन तास, मिळतो. असे घर बाजारभावापेक्षा स्वस्तात मिळते हा समज खोटा नाही. परंतु ते स्वस्त का मिळते, हे ज्याला सांगता येत नाही त्याने बोलीच्या वाटेला जाऊ नये. बोलीचा आकडा लिलावाच्या दिवशी सुचत नाही. घर पाहताना आणि कागद चाळताना जे जे उणे आढळेल ते रुपयांत मांडून वजा करत गेले की जो उरतो तोच आपला आकडा, आणि तो लिलावाच्या आधीच कागदावर उतरलेला असावा लागतो.

घर लिलावापर्यंत येते कसे

कर्जाचे हप्ते नव्वद दिवसांहून अधिक थकले की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँकेला न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकता येते. आधी कर्जदाराला कलम १३(२) खाली साठ दिवसांची मागणी नोटीस जाते. त्या मुदतीत पैसे भरले गेले नाहीत तर कलम १३(४) खाली बँक ताबा घेते, मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून घराचे मूल्य काढून घेते, राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली घेतली जात नाही ती किंमत, ठरवते आणि विक्रीची जाहीर नोटीस देते. पहिल्या लिलावापूर्वी किमान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि तो फसला तर पुढच्या लिलावासाठी पंधरा दिवसांची पुरते. या सगळ्या कामात बँकेतर्फे जो सही करतो त्याला प्राधिकृत अधिकारी म्हणतात, आणि बोली लावणाऱ्याचा संबंध शेवटपर्यंत याच अधिकाऱ्याशी येतो.

सहकारी बँकांचे जाळे दाट असलेल्या आपल्या भागात एक प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता, तो म्हणजे सहकारी बँकांना हा कायदा वापरता येतो का. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये त्याचे उत्तर होकारार्थी दिले. पतसंस्थांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील वसुली दाखल्यावर आणि त्यानंतर नियम १०७ नुसार चालते, आणि तेथे पैसे भरण्याच्या मुदती व हरकती घेण्याचे मार्गही निराळे असतात. म्हणून नोटीस हातात आल्यावर ती कोणत्या कायद्याखाली निघाली आहे, ही ओळ पहिल्यांदा शोधावी. पुढचे विवेचन सरफेसीखालच्या लिलावाचे आहे.

नोटिशीतल्या दोन ओळी

नोटीस लांबलचक असते. तिच्यातल्या दोन गोष्टींवर सर्वांत जास्त पैसे अवलंबून असतात. पहिली गोष्ट ताब्याची. ताबा प्रतीकात्मक आहे की प्रत्यक्ष, हे नोटिशीत लिहिलेले असते. प्रत्यक्ष ताबा म्हणजे घर रिकामे झाले आहे, कुलूप बँकेचे आहे आणि किल्ली बँकेकडे आहे. प्रतीकात्मक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवली आणि वर्तमानपत्रात छापली एवढेच. आत कर्जदाराचे कुटुंब किंवा भाडेकरू राहतच असतो. अशा घराचा प्रत्यक्ष ताबा मिळवण्यासाठी बँकेला कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि त्याला किती महिने लागतील याची खात्री कोणीच देत नाही. एकाच इमारतीतील दोन सारख्या फ्लॅटच्या राखीव किमतींत फरक दिसला, तर त्यामागे बहुधा ताब्याचा प्रकार असतो.

दुसरी ओळ म्हणजे मालमत्ता ‘जशी आहे, जेथे आहे, जे काही आहे’ त्या तत्त्वावर विकली जात आहे, ही. ती छापील मजकुराचा भाग म्हणून लोक वाचून सोडून देतात, परंतु तिचा अर्थ फार कडक आहे. भिंतीतली ओल, कमी भरलेले क्षेत्रफळ, महापालिकेची थकलेली घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, मंजूर नकाशाबाहेरचे बांधकाम हे सारे तपासून घेण्याची जबाबदारी बोली लावणाऱ्यावर टाकलेली असते आणि नंतर तक्रार करायला जागा जवळपास उरत नाही.

राखीव किंमत हा बाजारभाव नव्हे, हेही येथेच सांगून टाकावे. ती मूल्यांककाच्या अहवालावर आधारलेली असते, अहवाल काही महिन्यांपूर्वीचा असू शकतो आणि मूल्यांककाला घराच्या आत पाऊल टाकता आले होते की नाही, हे अहवाल पाहिल्याशिवाय कळत नाही. बँकेत जाऊन प्राधिकृत अधिकाऱ्याला अहवाल दाखवण्याची विनंती करावी. सगळेच दाखवत नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

घर पाहायला जाताना

सांगलीत घर पाहताना सुरुवात पाण्यापासून करावी, आणि ते पाणी नळाचे नव्हे तर कृष्णेचे. १९२९ साली उभारलेल्या आयर्विन पुलापाशी मोजली जाणारी पातळी हे या शहरातील पुराचे माप आहे. ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५७ फुटांपलीकडे गेली आणि जुलै २०२१ मध्ये ती सुमारे ५५ फुटांपर्यंत पोहोचली. त्यामुळे ‘या भागात पाणी येते का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘पुलापाशी किती फूट झाल्यावर या दारात पाणी येते?’ असे विचारावे. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, सांगलीवाडी किंवा कर्नाळ रस्त्याच्या बाजूला राहणारी जुनी माणसे या प्रश्नाचे उत्तर फुटांत देतात, आणि ते एजंटाच्या ‘इकडे काही होत नाही’ या वाक्यापेक्षा कितीतरी भरवशाचे असते. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषाही पाहाव्यात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक निर्बंध असल्याने घर पाडून नवे बांधण्याचा विचार असेल तर त्याची किंमत तेथेच घसरते.

पूर येऊन गेलेले घर रंगवून कोरे दिसते, तरी खुणा राहतात. विजेचे सॉकेट कमरेच्या वर चढवलेले असतील, भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा पट्टा वेगळ्या रंगाचा किंवा टाइल्स लावून झाकलेला असेल, लाकडी चौकटी खाली फुगून वर सरळ असतील किंवा बोट फिरवल्यावर प्लॅस्टरची पांढरी खारट भुकटी हाताला लागत असेल, तर पाणी आत उभे होते असे समजावे. शेजारच्या घरांवर किंवा दुकानांवर लोकांनी २००५ आणि २०१९ च्या पुराच्या रेघा मारून ठेवलेल्या आढळल्या, तर त्या रेघेपासून आपल्या घराच्या जोत्याची उंची टेपने मोजून घ्यावी. पूर न येणाऱ्या भागातही दुसऱ्या पाण्याचा त्रास असतोच. शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाचे पाणी साचून राहण्याची तक्रार जुनी आहे, त्यामुळे तेथे ड्रेनेजचे चेंबर उघडून पाहिल्याशिवाय परतू नये.

पाण्यानंतर माती. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पाया पुरेसा खोल नसेल तर तिच्या हालचालीबरोबर भिंतीही हलतात. गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगांना घाबरण्याचे कारण नाही. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी वर चढत गेलेली भेग, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती झालेली, ही मात्र पाया खचल्याची खूण असू शकते. त्याच खोलीचे दार चौकटीत अडकत असेल तर शंका बळावते. बैठ्या घरात आणि रो-हाऊसमध्ये हे जास्त पाहावे लागते. अपार्टमेंटमध्ये पार्किंगमधील खांब व बाल्कनीखालचा स्लॅब पाहावा: काँक्रीटचे पापुद्रे सुटून गंजलेल्या सळ्या दिसत असतील, तर तो खर्च एकट्या फ्लॅटचा नसून सगळ्या इमारतीचा आहे, आणि तो कधी व कोणी करायचा यावरून सोसायटीत वाद चालू असण्याची शक्यता मोठी आहे. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर गच्चीवर जावेच. स्थापत्य अभियंत्याला तासाभरासाठी बरोबर नेले तर त्याची फी या सगळ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त खर्च ठरते.

आता एक अवघड गोष्ट. प्रतीकात्मक ताबा असलेल्या घरात माणसे राहत असतात आणि त्यांच्या दृष्टीने आपण त्यांचे घर न्यायला आलेलो असतो. ते आत घेतीलच असे नाही आणि न घेण्याबद्दल त्यांना दोषही देता येत नाही. बँकेचा अधिकारी बरोबर असल्याशिवाय दार वाजवू नये. आत घेतले तर फोटो काढण्यापूर्वी विचारावे आणि कर्जाचा विषय आपणहून काढू नये. ‘काकू, नळाला पाणी किती वाजता येतं?’ एवढ्या साध्या प्रश्नातून घराची बरीच माहिती मिळते. दार उघडलेच नाही, तर समोरच्या फ्लॅटमधले रहिवासी, सोसायटीचे सेक्रेटरी, इस्त्रीवाला आणि किराणा दुकानदार यांच्याकडून जेवढे कळेल तेवढ्यावर भागवावे आणि न पाहिलेल्या घरासाठी आपल्या आकड्यात मोठी वजावट ठेवावी. ही वजावट पुढे येते.

शेवटची तपासणी कंटाळवाणी वाटते, पण तीच सर्वांत जास्त महागात पडू शकते. नोटिशीत छापलेला सिटी सर्व्हे क्रमांक, फ्लॅट क्रमांक, मजला आणि चतुःसीमा यांचा आपण पाहिलेल्या घराशी मेळ बसतो का, हे प्रत्यक्ष उभे राहून पडताळावे. दारावरची पाटी आणि मंजूर नकाशातला क्रमांक वेगळे असण्याचे प्रकार जुन्या इमारतींत घडतात, आणि विकले जाते ते कागदावरचे घर.

कागदांचा भाग

घर कितीही आवडले तरी वकिलाकडून मालकी व बोज्याचा शोध अहवाल घेतल्याशिवाय बोलीत भाग घेण्यासाठीची अनामत रक्कम भरू नये. शहरातील मिळकतीसाठी नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि शहरालगतच्या जमिनीसाठी सातबारा व बिनशेती आदेश हे मूळ कागद होत. नोंदणी विभागाच्या ई-सर्च सुविधेवर मागील वर्षांच्या सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांचे उतारे, पाहता येतात, आणि त्याच घरावर दुसऱ्या बँकेचा बोजा आहे का, हे सरसाई या केंद्रीय नोंदवहीत शोधता येते. बँकेने कर्ज देताना कागद तपासलेच असतील, हा विचार मोहात पाडतो. पण कर्ज थकलेले आहे आणि बँकेला आपले पैसे सोडवायचे आहेत, हेही लक्षात ठेवावे.

सांगली मिरज कुपवाड महापालिका हद्दीत गुंठेवारीच्या वसाहती बऱ्याच आहेत, म्हणजे बिनशेती परवानगी व मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवर उभी राहिलेली घरे. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशी बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने तिची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत आणली. लिलावातले घर अशा वसाहतीत असेल तर नियमितीकरणाचा दाखला आहे का, हे पाहावे. नसेल तर त्याचे शुल्क तर मोजावेच, शिवाय पुढे आपल्याला घर विकायचे झाले तर गृहकर्ज घेणारा खरेदीदार मिळणे कठीण जाईल, याचीही किंमत धरावी.

थकबाकीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो म्हणजे जुन्या मालकाचे वीजबिल नव्या मालकावर येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केले की, वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर नवी जोडणी देताना वीज कंपनी त्या जागेची जुनी थकबाकी मागू शकते. त्यामुळे मीटरवरचा ग्राहक क्रमांक टिपून घेऊन महावितरणच्या कार्यालयात, आणि घरपट्टी व पाणीपट्टीसाठी महापालिकेत, आजची थकबाकी विचारून घ्यावी. आत भाडेकरू असेल तर त्याचा करार नोंदणीकृत आहे का आणि तो घर तारण ठेवण्याच्या आधीचा आहे की नंतरचा, हे वकिलाला नक्की सांगावे. पूर्वीच्या, नोंदणीकृत करारातील भाडेकरूला हलवणे सोपे नसते.

आकडा कसा काढावा

आता हिशेब. उदाहरणासाठी विश्रामबागेच्या बाजूला एक दोन बेडरूमचा फ्लॅट धरू, ज्याची राखीव किंमत २८ लाख आहे, बोली २५ हजारांच्या टप्प्याने वाढते आणि प्रत्यक्ष ताबा बँकेकडे आहे. हे सगळे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

पहिले पाऊल म्हणजे असाच, पण चांगल्या अवस्थेतला फ्लॅट बाजारातून घेतला तर काय पडेल, हे ठरवणे. जाहिरातींतले आकडे येथे कामाचे नाहीत, कारण त्या मागितलेल्या किमती असतात. त्याच इमारतीतील किंवा रस्त्यावरील अलीकडच्या नोंदणीकृत व्यवहारांच्या सूची दोन काढाव्यात. समजा, त्यावरून ३६ लाख हा भाव पटला. त्यावर महापालिका हद्दीत ६ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे २ लाख १६ हजार आणि नोंदणी फी, जी १ टक्का पण कमाल ३० हजार असते, अशी मिळून साध्या खरेदीची एकूण किंमत ३८ लाख ४६ हजार होते. लिलावातले घर सगळे मिळून याहून महाग पडणार असेल, तर लिलावाचा खटाटोप करण्याचे कारणच उरत नाही.

यातून उणे बाजू वजा करू. स्वच्छतागृहातील गळती, वायरिंग आणि रंगकामाला अभियंत्याने अडीच लाख सांगितले. सोसायटी, घरपट्टी आणि विजेची थकबाकी मिळून ७० हजार निघाली. वकील व अभियंता यांचे २५ हजार. उरले ३५ लाख १ हजार. त्यातून तीन लाख ‘न दिसलेल्या गोष्टींसाठी’ बाजूला काढले की ३२ लाख १ हजार राहतात. हे एकूण खर्चाचे छत झाले. बोलीवरही मुद्रांक शुल्क व नोंदणी फी द्यायची आहे, म्हणून यातून ३० हजार वजा करून १.०६ ने भागावे. उत्तर सुमारे २९ लाख ९१ हजार येते. टप्पे २५ हजारांचे असल्याने शेवटची बोली २९ लाख ७५ हजार, आणि त्यापुढे हात उचलायचा नाही. मुद्रांक शुल्क बोलीच्या रकमेवर लागेल की रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, मूल्यावर, हे आधीच दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावे, कारण रेकनरचा आकडा मोठा असेल तर हे गणित थोडे खाली सरकते.

तीन लाखांची ती रक्कम अनेकांना जास्तीची वाटते. परंतु साध्या खरेदीत मालक समोर असतो, त्याच्याकडून लेखी हमी घेता येते आणि खोटे निघाल्यास त्याच्यामागे लागता येते. लिलावात हा आधार नसतो, म्हणून त्याची भरपाई किमतीतच करून घ्यावी लागते. घर आतून पाहायला मिळाले असेल तर ही रक्कम कमी ठेवावी, न मिळाले असेल तर वाढवावी.

हाच फ्लॅट प्रतीकात्मक ताब्यात असता तर? ताबा मिळेपर्यंत एक वर्ष जाईल असे धरले, तर महिना दहा हजारांप्रमाणे आपण राहत्या घराचे एक लाख वीस हजार भाडे देत राहू, न्यायालयीन कामाला ऐंशी हजार धरू आणि घर आतून पाहिलेले नसल्याने अनिश्चिततेचे तीन लाख पाचावर नेऊ. चार लाखांनी छत खाली येते, २८ लाख १ हजारांवर. त्यातून फी व शुल्क काढले की बोलीची मर्यादा सुमारे २६ लाख १४ हजार उरते. राखीव किंमत २८ लाखांची आहे. उत्तर स्पष्ट आहे: या लिलावात अनामत भरू नये. असा निर्णय निराशाजनक वाटतो, पण लिलाव फसल्यावर बँका पुढच्या वेळी राखीव किंमत अनेकदा खाली आणतात, आणि तेच घर काही महिन्यांनी आपल्या मर्यादेत येऊ शकते. अर्थात तोवर ते दुसरा कोणी घेऊन जाईल किंवा कर्जदार तडजोड करून सोडवून घेईल, हा धोका आहेच. माझ्या मते तो पत्करावा. न मिळालेल्या घरापेक्षा दोन लाख जास्त मोजून मिळालेले, ताबा नसलेले घर जास्त जाचते.

बोली जिंकणाऱ्याची अडचण

मर्यादा इतकी काटेकोर का धरायची, याला मानसिक संयमापलीकडचे एक कारण आहे. एका घरासाठी सहा जण बोली लावत आहेत आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्याची खरी किंमत अंदाजली आहे, असे समजा. काहींचे अंदाज कमी असतील, काहींचे जास्त, आणि सरासरी बरोबरही असेल. पण लिलाव सरासरी अंदाजवाल्याला घर देत नाही. ज्याचा अंदाज सर्वांत जास्त, त्यालाच देतो. म्हणजे जिंकणारा हा बहुधा सर्वांत जास्त चुकलेला माणूस असतो. १९७१ साली अमेरिकेतील एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून हे मांडले, आणि पुढे लिलावांच्या सिद्धान्तावर काम करणारे पॉल मिलग्रोम व रॉबर्ट विल्सन यांना २०२० चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना बसणारा व्यापारी एखाद्या ढिगाला जास्त भाव देऊन बसला तरी त्याच हंगामात दुसरे शेकडो ढीग घेतो आणि चुका एकमेकींत मिटतात. घर घेणाऱ्या कुटुंबाला मात्र एकदाच बोली लावायची असते. म्हणून उपाय उलटा करावा लागतो: बोली लावणारे जितके जास्त आणि घराबद्दल माहिती जितकी कमी, तितका आपला अंदाज आधीच खाली आणावा. प्रतिस्पर्धी वाढले की घर नक्कीच चांगले असणार, असे वाटून जो आकडा वर नेतो, तो नेमके उलटे करत असतो.

लिलाव ऑनलाइन होतो. सरकारी बँकांच्या मालमत्तांसाठी बँकनेट हे संकेतस्थळ आहे, तर इतर बँका वेगवेगळ्या कंपन्यांची संकेतस्थळे वापरतात. नोंदणी, केवायसी आणि राखीव किमतीच्या बहुधा १० टक्के असलेली अनामत रक्कम शेवटच्या दिवसाआधीच भरावी, कारण पैसे खात्यात पोहोचल्याची खातरजमा व्हायला वेळ लागतो. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप पाच-एक मिनिटांनी वाढते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला बोली टाकून सगळ्यांना चकवण्याची युक्ती येथे चालत नाही. सुरुवातीलाच मोठी उडी मारून इतरांना घाबरवणेही फारसे उपयोगी पडत नाही; पैसे मात्र जातात. एका टप्प्याने वाढवत राहावे आणि कागदावरचा आकडा आला की संगणक बंद करावा. शक्य असेल तर पडद्यासमोर घरातील अशा माणसाने बसावे, ज्याचे त्या घराच्या बाल्कनीवर मन जडलेले नाही.

बोली लागल्यानंतर

सर्वोच्च बोली आपली ठरली, तर अनामत धरून एकूण २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. उरलेली ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत, किंवा लेखी मुदतवाढ मिळाली तर जास्तीत जास्त तीन महिन्यांत द्यायची असते. वरच्या उदाहरणात २९ लाख ७५ हजारांच्या बोलीसाठी ७ लाख ४३ हजार ७५० रुपये जवळपास लगेच आणि २२ लाख ३१ हजार २५० रुपये नंतर, असे हे गणित आहे. उरलेली रक्कम जमली नाही तर भरलेले २५ टक्के जप्त होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी जप्ती कायद्याला धरून असल्याचे म्हटले आहे. म्हणून गृहकर्जावर अवलंबून असणाऱ्याने लिलावाच्या आधीच आपल्या बँकेकडून मंजुरी घ्यावी आणि ती लिलावातील घरासाठी, त्यातही ताब्याच्या या प्रकारासाठी चालते का, हे स्पष्ट विचारावे. प्रतीकात्मक ताब्यातल्या घरावर कर्ज द्यायला बऱ्याच बँका कचरतात.

कर्जदार शेवटच्या क्षणी पैसे भरून घर परत मागेल का, ही भीतीही असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. तरीही कर्जदार कलम १७ खाली पंचेचाळीस दिवसांत ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो आणि नोटिशीत किंवा प्रक्रियेत दोष आढळला तर विक्री अडकू शकते. त्यामुळे न्यायाधिकरणात त्या मालमत्तेबद्दल प्रकरण चालू आहे का, हे बोलीपूर्वी प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

सर्व रक्कम पोहोचल्यावर बँक विक्री प्रमाणपत्र देते. ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात रक्कम देतानाच १ टक्का कर कापून सरकारकडे भरावा लागतो, हे या टप्प्यावर अनेकांना उशिरा आठवते. प्रमाणपत्रावर मुद्रांक शुल्क भरून त्याची दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करावी, त्याच्या प्रतीवर नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवरचे नाव बदलून घ्यावे आणि जुन्या बँकेचा बोजा उतरल्याची नोंदही त्याच वेळी मागावी. घरपट्टीचे खाते, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र आणि वीजमीटर यांच्यावरचे नाव त्यानंतर बदलते. या प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच विक्री प्रमाणपत्राबरोबरच एका फाईलमध्ये लावून ठेवावी, कारण पुढे हे घर तारण ठेवताना किंवा विकताना समोरचा वकील तीच पहिल्यांदा मागतो.